‘बाबा’ कोण म्हणालं?

मूल ‘बाबा’ म्हणालं, ही बातमी घरात सर्वांत आधी बाबाच देतो, यातच सगळं आलं. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच. पुरावा म्हणून मोबाइलवर काही सेकंदांचा व्हिडिओ असतो. बाळ गोधडीवर पालथं पडून खुळखुळ्याचा दांडा चघळतंय, हनुवटीवरून लाळ ओघळतेय, आत कुकरची शिट्टी होते आणि तिच्या आगेमागे कुठंतरी ‘ब्ब्बाबा’ असं काहीतरी ऐकू येतं. उरलेला सगळा वेळ बापच ‘बाबा म्हण, बाबा म्हण’ करत असतो. मोजायलाच बसलं तर तो शब्द मुलापेक्षा त्यानंच जास्त वेळा उच्चारलेला निघेल. तरी व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि बाबाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. माझं म्हणणं एवढंच, की त्याचा दावा साफ कच्चा आहे आणि आनंद मात्र पूर्ण रास्त.

आधी दावा पाहू. ‘बाबा’ म्हणायला ओठ मिटायचे, उघडायचे आणि आवाज सोडायचा, बस्स. मोठी माणसं निदान उचलली जीभ लावतात टाळ्याला. इथे जीभ उचलण्याचेही कष्ट नाहीत. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान मुलं ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ अशा माळा लावू लागतात आणि त्या ऐकवताना पंखा, मांजर आणि बाप असा भेदभाव करत नाहीत. अर्थ चिकटवतो तो आपण, असं रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञानं १९६० सालच्या निबंधात मांडलं. आणि तो जिथल्या तिथल्या सोयीनं चिकटतो. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे चक्क बाप. आपल्याकडे तेच ‘मामामा’ ऐकू आलं की श्रेय परस्पर आईच्या माहेरी जातं आणि आयुष्यात एकही लंगोट न बदललेला तिचा भाऊ पेढे मागतो. खरी पंचाईत आईची. ‘आई’त व्यंजनच नाही, त्यामुळे मूल हाक मारतंय की नुसतंच रडतंय, हे तिला कधी सिद्ध करता येत नाही. चिकित्सक बाप कसा असतो हे बघायचं तर डार्विन बघावा. मुलाच्या वाढीची टिपणं त्यानं तब्बल सदतीस वर्षं तशीच ठेवून १८७७ मध्ये छापली. बरोबर वर्षाचा असताना मुलानं खाण्यासाठी ‘मम’ असा शब्द काढला, अशी त्यात नोंद आहे. ना आई, ना बाप, जेवण! आपल्या घरोघरच्या ‘मंमं’ला याचं नवल वाटू नये.

मग सगळ्याच बाबांनी असा धीर धरावा, असं शहाणी माणसं म्हणतील. मूल जो आपणहून, पुन्हा पुन्हा आणि त्याच माणसासाठी वापरतं, तोच शब्द. व्याख्या बिनचूक आहे. पण ती पाळून सगळं घर गप्प बसलं, तर आपल्या आवाजाला काही किंमत आहे हे मुलाला कळायचं कसं? मायकेल गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आठेक महिन्यांच्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही आयांना सांगितलं, बाळानं आवाज काढला की लगेच हसा, जवळ जा, हात लावा. दुसऱ्या गटातही तेवढंच कौतुक, फक्त अवेळी. वेळेवर दाद मिळालेल्या बाळांचे आवाज त्याच बैठकीत अधिक सुघड, बोलण्याच्या जवळ जाणारे झाले. आता हा प्रयोग आयांचा होता, बाबांचा नव्हता, अशी हरकत कुणी घेईल. कबूल, पण हीच दाद मिशीवाल्यानं दिली तर चालत नाही, असं मानायला मला कारण दिसत नाही. दुसरी हरकत जास्त बोचरी आहे: बाबा दाद देतो ती मुलाच्या भाषेसाठी नव्हे, स्वतःच्या कौतुकासाठी. असेलही. पण आठ महिन्यांचं मूल हेतू तपासत नाही. त्याला एक चेहरा उजळलेला दिसतो आणि ते पुन्हा ओठ मिटतं.

बाबाची चूक असलीच तर वेगळीच आहे. प्रयोगातली कळीची गोष्ट ‘लगेच’ ही होती आणि नेमक्या त्याच क्षणी हा गृहस्थ मोबाइल शोधत उशीखाली, चार्जरपाशी, फ्रिजवर धावत असतो. तेव्हा बाबांनो, आधी बाळाला उत्तर द्या. व्हिडिओ उद्या काढला तरी चालेल. ‘ब्ब्बाबा’ उद्याही होणारच आहे.