टक्का कमी, टक्का जास्त

कोल्हापूर हे टक्क्यांचं जुनं गाव. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी मागासांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या. आता 2016 चा कायदा सरकारी नि अनुदानित महाविद्यालयांत दिव्यांगांना किमान 5 टक्के जागा देतो. अट एवढीच, दिव्यांगत्व 40 टक्के तरी भरावं.

वैद्यकीय प्रवेशाचे नियम लिहिणारे मात्र याहून हुशार निघाले. वाचादोष 40 टक्क्यांच्या आत? शिका की खुशाल, राखीव जागा तेवढी मागू नका. 40 किंवा वर? जागा तुमचीच, पण तुम्ही शिकायला अपात्र! पान मांडायचं आणि बसेल त्याला उठवायचं, अशी ती पंगत होती. महाराजांचं नाव लावलेल्या इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयालाही तोच नियम होता.

शेवटी 44-45 टक्के वाचादोष असलेला एक विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेला. 15 ऑक्टोबर 2024 ला न्यायालय म्हणालं, नुसता आकडा पाहू नका, तो शिकू शकतो का ते तपासा. हे कळायला दिल्ली गाठावी लागली. खरं तर दिव्यांग काय करू शकतात ते कोल्हापुरातच दिसलं असतं: नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये चाकाच्या खुर्चीवरून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली ती इथंच. पण तिथं चौकशीला यायचं, तर नियमवाल्यांना आधी आकडेमोडीतून सवड हवी होती.