बिजागरीची बाजू

जुन्या प्रीमियर पद्मिनीचं दार लागत नसेल, तर आपल्याकडे त्यावर एकच सर्वमान्य उपाय आहे: ते आणखी जोरात लावणे. पहिल्या दणक्यात नुसती काच खडखडते, दुसऱ्यात दार लागतं आणि शेजारच्या इमारतीतलं तान्हं मूल उठतं. माझं म्हणणं असं, की या आपटाआपटीत मार खाणारं दार बहुतेक वेळा निर्दोष असतं. गुन्हा बिजागरीचा असतो, नाहीतर तिच्यामागच्या खांबाचा, आणि आणखी मागे गेलं तर आपला. पुरावा हवा असेल त्याने दार अर्धं उघडावं, मागच्या कडेला खालून धरावं आणि हलकेच उचलावं. दार वर जातंय पण बिजागरीची खांबावरची पाती जागची हलत नाही, म्हणजे बिजागरीतली खिट झिजली. पातीच खांबाच्या पत्र्यासकट हलत असेल तर पत्रा सडलाय. मग डेंटरच्या आधी बँकेला फोन करावा.

खिट झिजते कशी? काच, ती वरखाली करणारं यंत्र, कुलूप, एवढं सगळं ओझं दोन बिजागऱ्यांना एकाच बाजूने लोंबकळत असतं. कारखान्याने हा हिशेब केलेला असणारच. त्यात धरायचा राहिला तो मराठी निरोप. पाहुणे "बरंय, निघतो" म्हणून गाडीत बसतात, यजमान उघड्या दारावर कोपर टेकवतो आणि खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात: पुतणीचं स्थळ, वहिनींचे गुडघे, पाणीकपात. पुढच्या मुक्कामी मावशी त्याच दाराला धरून स्वतःला उचलतात. दार मुळातच वाईट असतं तर चारही दारं सारखी लोंबली असती. तसं होत नाही. घरच्या गाडीत सहसा ड्रायव्हरचं दार आधी खाली येतं, टॅक्सीत फुटपाथकडचं मागचं. म्हणजे वापरणारा बदलला की आजारी दार बदलतं. पद्मिनीच्या आधीच्या, पन्नाशीच्या दशकातल्या डुक्कर फियाटमध्ये तर पुढच्या दाराच्याही बिजागऱ्या मधल्या खांबावरच होत्या. एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावासारखा तो खांब दोन्हीकडची ओढ मुकाट सोसायचा.

यावर अनुभवी मंडळी म्हणतात, एवढं पुराण कशाला? खांबावरचा स्ट्रायकर जरा खाली सरकवला की पाच मिनिटांत दार लागतं. लागतं, हे खरं. पण स्ट्रायकरने कुलूप धरून ठेवायचं असतं, दार उचलायचं नसतं, आणि पाडायचंही नसतं. तो सरकवून आपण फक्त बिजागरीची तक्रार दडपतो. ती झिजतच राहते. म्हणून शहाणा कारागीर आधी स्ट्रायकर काढूनच टाकतो आणि दार स्वतःच्या जिवावर कुठे बसतं ते बघतो. गाडी सपाट जागी चार चाकांवर उभी हवी. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो; जॅकवर चढवून जुळवलेलं दार गाडी खाली आल्यावर मत बदलू शकतं. काम मागून पुढे चालतं: मागचं दार बॉडीशी जुळवायचं आणि पुढचं मागच्याशी. बोल्ट सैल करण्याआधी बिजागरीभोवती खूण करावी, एवढं सांगून पुढे जातो. न करणाऱ्याला ते फार वेळ सांगावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडतानाच या गाड्यांच्या फटी कुठे सारख्या होत्या? मान्य. म्हणूनच मोजपट्टी घेऊन चारही बाजूंना मिलिमीटर जुळवणाऱ्या हौशी मालकांशी माझं पटत नाही. फट गाडी रस्त्यावर हलताना पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून असते, फोटोसाठी नव्हे. दार तळहाताच्या एका ढकलण्याने लागलं की काम झालं. तेही नव्या रबरी बीडिंगवर ठरवू नये. नवं रबर दार बाहेर ढकलतं, आणि त्याच्या सोयीने बिजागरी फिरवली तर रबर दबल्यावर ती पुन्हा फिरवावी लागते.

राहता राहिला कोपरखळीचा प्रश्न: आपटणं वाईट म्हणता, मग खिट बदलूनही उरलेला बाक डेंटर कसा काढतो? उघड्या दाराच्या कडेखाली जॅक लावतो, वर लाकडी ठोकळा ठेवतो आणि दार कुरकुरेपर्यंत उचलतो. जोर तोही लावतो, पण तो थेट बिजागरीपर्यंत पोचतो आणि गरजेपुरताच असतो. फक्त त्या वेळी मालकाने समोरच्या टपरीवर चहा घ्यावा. दोन घेतले तरी चालतील.