अजून शिकतोय

चहात साखर किती, असं नानांना कधी विचारू नका. "नक्की कसं सांगणार? मी अजून शिकतोय," असं उत्तर येतं आणि चहा निवून जातो. हा नमुना तुमच्याही ओळखीत असणारच. विषय कोळून प्यायलेला, पण 'येतं' म्हणायला जीभ रेटत नाही.

आमच्या नानांचा विषय मोडी. राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात काढलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पायऱ्या ते चाळीस वर्षं झिजवतायत. एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "आपण मोडीतले तज्ज्ञ ना?" नाना असे दचकले, जणू चपला चोरताना पकडलं. "छे छे, अजून शिकतोय!" नवरदेवाला आशीर्वाद देतानाही तेच. "संसाराचं मी काय सांगणार? अजून शिकतोय." शेजारी काकू होत्या. त्या म्हणाल्या, "हे मात्र खरंय."

गेल्या वर्षी माळ्यावरच्या ट्रंकेत एक मोडी कागद सापडला. वतनाची सनदच असणार, अशी आमच्या भावकीची खात्री. काम लवकर उरकायचं होतं, म्हणून नानांना टाळून तो एका तज्ज्ञांकडे नेला. दहा दिवसांचा वर्ग केलेला, प्रमाणपत्र भिंतीवर. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. "चार साक्षीदार दिसतात. अर्बा, सबैन, मया आणि अलफ. शेवटचा बहुधा पठाण." आमच्या पूर्वजांच्या ओटीवर साक्षीला पठाण! भावकीत पेढे वाटले गेले.

तरी कागद नानांकडे गेलाच. तीन आठवडे भिंग हलत होतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं पळवायची. शब्दाशब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. शेवटी फोन आला.

"ते चौघं माणसं नव्हेत. तो सुहूर सन आहे, आकडे अरबी. चार, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे ११७४. त्यात ५९९ मिळवा."

"१७७३?"

"हो. मृगाला सुरू होणारं साल. नारायणरावांचा खून त्यातलाच."

"आणि मजकूर?"

"तुमच्या पूर्वजांनी आठ मण जोंधळे उसने घेतले. किंवा दिले. तिथलं एक अक्षर लागत नाही."

"अंदाजानं सांगा की, नाना!"

"त्याच साली 'ध' चा 'मा' झाला म्हणतात. एका अक्षरानं पेशवा गेला. मी अजून…"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी भांडायलाच गेलो. नाना आंघोळीला गेले होते. मेजावर एक जाड वही होती, वर लिहिलेलं : 'न लागलेलं'. आत शब्द, कागदाचा ठिकाणा, तारीख. एक नोंद १९८७ सालची, तिच्यावर २०१९ साली रेघ मारलेली आणि शेजारी बारीक अक्षरात 'लागलं'. शब्द होता 'खारीक'. खारकेसाठी हा माणूस बत्तीस वर्षं थांबला होता. भांडण मी परत घेऊन आलो.

आणि कहर ऐका. त्या पठाणवाल्या तज्ज्ञांच्या पुढच्या वर्गात नानांनी फी भरून नाव घातलं. पहिल्या बाकावर बसले, दहाही दिवस हजर. मी विचारलं, "काय मिळालं?" तर म्हणे, "त्यांचा बोरू फार सुरेख चालतो हो." शेवटच्या परीक्षेत नानांना शंभरात बासष्ट पडले. दोन उताऱ्यांत त्यांनी 'एक अक्षर शंकास्पद' असं लिहिलं होतं, तिथले गुण गेले. बाकी सगळ्या वर्गाला नव्वदच्या वर.

आमच्या जोंधळ्यांची नोंद वहीत २१२ वी आहे. तिच्यापुढं तारखेपुरती जागा मोकळी सोडली आहे. नानांना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, डाव्याचा दिवाळीनंतर काढायचा आहे.