नवीन रोपांची खरेदी, संगोपन आणि उत्तरकार्य

खरेदीला जानेवारी उत्तम. पुण्यात प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन भरते. तिथे यादी घेऊन जाऊ नये, यादीने विचार करायची सवय लागते. घरून निघताना "नुसतं बघून येऊ" असे मोठ्याने म्हणावे आणि परतताना रिक्षात पाय ठेवायला जागा उरू देऊ नये. एवढ्याने भागले नाही तर सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे निघावे. वाटेत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत आणि डिकी मोठी असते.

रोप पूर्ण फुललेलेच निवडावे. कळ्यांचे रोप घेणारी माणसे असतात, पण त्यांना रिक्षात कोणी वळून बघत नाही. नर्सरीवाल्याला "जगेल ना हो?" असे विचारणे ही रीत आहे. "एकदम रफ अँड टफ आहे, ताई," हे त्याचे उत्तर. निवडुंगालाही हेच आणि लॅव्हेंडरलाही हेच. लॅव्हेंडर मात्र सोडू नये. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर वाढलेल्या घराण्याला ठाण्याचा जुलै दाखवणे हे आपले आदरातिथ्य आहे.

घरी येताच कुंडी बदलावी. रोपाला चार दिवस सावलीत विसावू द्या, असे जाणकार सांगतात; पण जाणकारांच्या घरी नवी कोरी सिरॅमिकची कुंडी वाट बघत नसते. कुंडीला भोक नसल्यास फरशी स्वच्छ राहते. पिशवी फाडली की लाल मातीचा घट्ट गोळा निघतो. तो न फोडता, कडा मोकळ्या न करता, तसाच भुसभुशीत कोकोपीटमध्ये बसवावा. म्हणजे घातलेले पाणी कडेकडेने खाली उतरते, वरचे कोकोपीट ओलेगच्च दिसते आणि मधला गोळा, जिथे सगळी मुळे आहेत, ठणठणीत कोरडा राहतो. बोट खुपसून पाहिले तर हे लगेच कळते. म्हणून बोट खुपसू नये.

अडेनियमला याउलट रोज पाणी द्यावे. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेतले हे झाड फुगीर बुंध्यात स्वतःची बेगमी करून ठेवते, पण ती आपल्या प्रेमाला पुरेशी नाही. पावसाळाभर ग्रिलमध्ये उघड्यावर ठेवावे. एके दिवशी बुंध्यावर अंगठा दाबला तर पिकलेल्या चिकूत जावा तसा आत जातो. प्रयोग पूर्ण झाला.

गुलाबाचे कलम रानगुलाबाच्या खुंटावर बांधलेले असते. सांध्याच्या खालून तरतरीत फुटवा आला की खुंटाने डोके वर काढले असे समजावे, पण तो छाटू नये. फोटो काढून बहिणीला पाठवावा. वरचा ग्लॅडिएटर जातीचा गुलाब सुकत जातो, खालचा जोमाने फोफावतो, आणि वर्षभरात आपल्याकडे विकत घेतलेला रानगुलाब असतो.

आता उत्तरकार्य. रोप वाळल्याचे लगेच मान्य करू नये. नखाने साल खरवडून आत हिरवे आहे का पाहावे. नसल्यास थोडे खाली खरवडावे. मातीपर्यंत पोहोचल्यावर थांबावे आणि कारणाकडे वळावे. सर्वमान्य कारणे अशी: शेजाऱ्यांच्या एसीची गरम हवा, समोरच्या रिडेव्हलपमेंटची धूळ, कबुतरे, दृष्ट. आपण गावी असताना मावशींनी पाणी घातले नाही, हे चालते. फार घातले, हेही चालते. पिठ्या ढेकूण निघाल्यास तो नेहमी दुसऱ्याच्या जास्वंदीवरून आलेला असतो.

यश क्वचित येते, त्यामुळे ते नीट साजरे करावे. कोणीतरी दिलेले ब्रह्मकमळाचे पान मोडक्या बादलीत खोचून आपण विसरलेलो असतो. मेक्सिकोकडचे हे निवडुंगवर्गीय झाड, दुर्लक्ष त्याला मानवते. कळी टपोरी होऊन मान वर करू लागली की सोसायटीच्या ग्रुपवर रात्री दहाचे आमंत्रण टाकावे आणि दूध आटवायला ठेवावे. फूल सकाळपर्यंत मान टाकते, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची गय करू नये. पान मागेल त्याला पान द्यावे. "काय घालता हो याला?" असे कोणी विचारेलच. "काही नाही" असे खरे सांगून त्यांचा विरस करू नये. शेंगदाणा पेंड, ताक, गुळाचे पाणी, यांतले काहीही सांगावे. प्रमाण मात्र चमच्यांत द्यावे.