ओवे गावात इंजिनाची सोयरीक

डोंबिवलीहून खारघरला साखरपुड्याला निघालो होतो. शीळफाट्याची कोंडी गाडीने मुकाट सोसली. तळोजा ओलांडल्यावर मात्र तापमानाचा काटा चढू लागला. "घाटात चढतोच," नानाकाका म्हणाले. रस्ता सपाट होता. ओवे गावात शिरताच बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि गाडीने तिथेच मुक्काम ठोकला.

गॅरेज सापडलं. नानाकाका बिसलेरीची गार बाटली घेऊन पुढे सरसावले, तोच उस्ताद ओरडला, "ओ काका! तापल्या इंजिनात गार पाणी घालाल तर हेडला तडा जाईल!" काकांनी ते पाणी स्वतः प्यायलं.

थोडं निवल्यावर उस्तादने डिपस्टिक बाहेर काढली. ऑइल दुधाळ झालेलं. "गॅस्केट गेलंय साहेब, कूलंट ऑइलमध्ये उतरलंय. हेड वाकलं असलं तर लेथवर फेसिंग करू. ब्लॉकला क्रॅक असला तर इंजिनच बदला." खर्चाचा आकडा त्याने कागदावर लिहिला आणि कागद उलटा ठेवला. माणूस अनुभवी होता.

एव्हाना पंचमंडळ जमलं होतं. एकजण म्हणाला, कुर्ल्याहून जुनं इंजिन आणा. झालं, नानाकाका आता थेट वरपक्षात शिरले. "कुठल्या गाडीचं? किती किलोमीटर चाललेलं? अपघातातलं तर नाही ना?" इंजिन हजर नसल्याने उत्तरं पंचांनीच दिली, आणि ती सगळी उत्तम होती. दुसऱ्याने आठवण करून दिली, की इंजिन बदललं तर आरसीवरचा नंबरही बदलावा लागतो. गाडी एमएच-०५, म्हणजे कल्याणच्या आरटीओची वारी आली. विमा कंपनीलाही कळवायचं. शिवाय गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं भरत आलेली. नव्या इंजिनाला नांदायला घर किती दिवस मिळणार, हा प्रश्न तिसऱ्याने काढला. तो एवढा रास्त होता की कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावतेय, ती इथून जवळच. "तिचं इंजिन कोणी उघडतं का रस्त्यात?" सौ.ने विचारलं. मेट्रोला इंजिनच नसतं, ती विजेवर चालते, हे मी सांगितलं. सांगायची वेळ ती नव्हती.

रिक्षाने साखरपुडा गाठला. तिथे वधूपक्षापेक्षा आमच्या गाडीचीच चौकशी जास्त झाली.

संध्याकाळी उस्तादने हेड उतरवून ठेवलं होतं. त्याने ब्लॉकवर सरळ पट्टी आडवी धरली, खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहिली, सिलिंडरच्या भिंतीवरून बोट फिरवलं. ब्लॉक शाबूत. वाकलं होतं फक्त हेड. फेसिंग, नवं गॅस्केट, नवा थर्मोस्टॅट, नवं ऑइल. कुर्ल्याचं स्थळ परत गेलं. नानाकाकांना त्याचं थोडं वाईट वाटलं.

तेव्हा तळोज्याहून खारघरला निघालात तर काट्यावर नजर ठेवा, तो चढला की लगेच इंजिन बंद करा, आणि नानाकाकांना मागच्या सीटवर बसवा.