आधी भोक, मग मासा

घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची ठरली की पहिली चर्चा माशांची. निमो हवा, डोरी हवी. टाकी सध्या दोन फुटांची घेऊ, पुढे वाढवू. माझा आक्षेप या ‘पुढे वाढवू’लाच आहे. पुढे नेमकं काय वाढणार हे पहिल्या दिवशी सांगता येत नसेल, तर ते नियोजन नव्हे; माशाच्या जिवावर मागून घेतलेली मुदत आहे.

डोरी म्हणजे निळा सर्जन मासा. दुकानात बोटभर दिसतो, वाढला की फूटभर होतो आणि दिवसभर येरझारा घालतो. त्याची बंदिस्त पैदास फ्लोरिडातल्या संशोधकांना 2016 साली पहिल्यांदा जमली. बाजारात येणारे बहुतेक अजूनही समुद्रातून धरलेलेच. मोठी टाकी येईपर्यंत त्याला छोटीत कोंडणं हा निव्वळ छळ आहे. निमोचं तसं नाही. क्लाउनफिश चार इंचांच्या आतबाहेर राहतो आणि तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास यशस्वी करून दाखवली आहे. पहिल्या टाकीला हॅचरीतली एक जोडी पुरे.

वाढवायची सोय करायची ती काचेत, स्टँडमध्ये आणि जमिनीवर. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं. काच, दगड, वाळू, स्टँड धरून वजन साडेतीनशे किलोंच्या पुढे जातं. ती कुठे ठेवायची हे सोफ्याच्या रंगावरून ठरवू नका. खाली बीम कुठून गेलाय ते इंजिनिअरला विचारा.

आणि भोक! ओव्हरफ्लोचं भोक टाकी रिकामी असतानाच पाडून घ्यायचं. काच टफन्ड असेल तर नंतर ड्रिल लावताच तिचा चुरा होतो. आज संप, म्हणजे स्टँडखाली बसणारी जोडटाकी, बसवायचा नसला तरी भोक पाडा, बूच लावा, स्टँडखाली जागा मोकळी सोडा. उद्या स्किमर (पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर सगळं त्या संपमध्ये जाईल. संप कधीही काठोकाठ भरायचा नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी खाली उतरतं. तेवढी जागा नसेल तर ते थेट खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पोचतं. पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरसाठी विजेचा वेगळा पॉइंटही आत्ताच काढा. पाणी 24 ते 27 अंशांत राहायला हवं आणि आपला मे महिना कुणाला सवलत देत नाही.

मुंबईकर हमखास म्हणतात, समुद्र दारात आहे, बादली भरून आणू. नको. त्या किनाऱ्याला शहराचं सांडपाणी मिळतं आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. आरओचं पाणी घ्या, लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ. वाफ होऊन उडतं ते पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या पाण्याची.

शेवटचं, आणि यात तडजोड नाही. ‘पुढे प्रवाळ लावू’ हे स्वप्न भारतात कायद्याशी गाठ घालतं. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ, सी फॅन, समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणच्या पाण्यातलं प्रवाळ तिथेच वाढू द्या. दुकानात ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवाणू वसलेला समुद्री दगड, पुढे केला तर तो कुठून आला ते विचारा. धड उत्तर नसेल तर कोरडा, घडवलेला दगड घ्या. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यावरही वसतात, त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की खुशाल क्लाउनची जोडी आणा.