गुपित, शेअर रिक्षाने

नोकरी शोधताना चालू मालकाला कळू देऊ नये, असा सल्ला शहाणे देतात. त्यांनी रानशेतहून डहाणू रोड स्टेशनला जाणारी शेअर रिक्षा पाहिलेली नाही. इस्त्रीचा शर्ट आणि हातात प्लास्टिकची फाइल दिसली की मागून प्रश्न येतोच, "इंटरव्ह्यू काय?"

मूळ अडचण १९९१ सालची. केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना दार बंद केलं. चिकूच्या वाड्यांचं भलं झालं, उत्तमच. पण नोकरीसाठी खाली बोईसर, नाहीतर वर उंबरगाव-वापी. म्हणजे गाडी आली. २०१३ पासून तर लोकलही इथवर येते, आणि तिच्या डब्यात तुमचा सुपरवायझर, त्याचा मेहुणा नि नव्या कंपनीचा स्टोअरकीपर एकत्र पत्ते कुटत असतात.

नोकरीच्या संकेतस्थळावर आपल्या कंपनीपासून बायोडेटा लपवायची सोय असते. कंपनीपासून लपतो, कंपनीच्या गेटवर बसलेल्या चुलत सासऱ्यापासून नाही.

रजेचं कारणही जपून द्यावं. आजीचं बारावं तिसऱ्यांदा चालत नाही.

आमच्यातला एकजण असंच बारावं सांगून वापीला पोचला. बाकावर शेजारी त्याचाच साहेब, मांडीवर तसलीच फाइल. बराच वेळ दोघं पंख्याकडे बघत बसले. शेवटी साहेबांनी हळूच विचारलं,

"आजी बऱ्या आहेत ना?"